अर्धा पांढरा पडलेला टोपाझ: रंग नेमका कुणी घालवला?

मामेबहिणीचा मेसेज आला तो नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ फोटो आणि खाली एक ओळ, "ताई, त्याने खडा बदललाय, मला शंभर टक्के खात्री आहे." फोटोत तिची चांदीची अंगठी, मिस्टिक टोपाझची, जी ती बोटातून कधी काढायचीच नाही. आधी तो खडा जांभळा, हिरवा, निळा असा मोरपिसासारखा झळकायचा आणि आता अर्ध्या भागात साधी काच बसवल्यासारखा दिसत होता. अंगठी घट्ट व्हायला लागली म्हणून एका कारागिराकडे साइज वाढवायला दिली, चार दिवसांनी परत मिळाली, आणि घरी आणून उजेडात बघते तर हे असं.

मी रत्नं तपासायचा कोर्स केलाय, घरी भिंग, चिमटा आणि एक जुना रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात उजेड किती वाकतो ते मोजायचं मशीन आहे, त्यामुळे नात्यातल्या आणि ओळखीतल्या सगळ्यांच्या खड्यांच्या तक्रारी फिरून फिरून माझ्याकडेच येतात. बहुतेक वेळा उत्तर अगदीच कंटाळवाणं निघतं, खडा मळलेला असतो बस्स. ही केस मात्र लिहून ठेवावीशी वाटली, कारण हिच्यात विकणारा, वापरणारी आणि दुरुस्त करणारा असे तिघंही अडकलेले आहेत आणि जिच्यावरून एवढा आरडाओरडा झाला ती चोरी मात्र झालीच नव्हती.

तिला म्हटलं आधी अंगठी घेऊन ये, तोवर कारागिराला काही बोलू नकोस. तर म्हणे बोलून झालंय. बरंच काही बोलून झालंय.

आता हा मिस्टिक टोपाझ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण घोळाचं मूळ तिथेच आहे. डिक्शनरीत टोपाझपुढे पुष्कराज लिहिलेलं असतं, पण पुष्कराज म्हणून जो पिवळा खडा विकतात तो बहुतेक वेळा पिवळा सफायर असतो, म्हणजे माणिक-नीलमच्याच घरातला. टोपाझ हे वेगळं खनिज, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि फ्लोरिन यांचं बनलेलं, मोहसच्या स्केलवर कडकपणा ८, म्हणजे क्वार्ट्झच्या वर आणि सफायरच्या खाली. रंगहीन टोपाझ जमिनीत भरपूर सापडतो, मोठमोठे स्वच्छ तुकडे मिळतात आणि म्हणूनच त्याला फारसं कुणी विचारत नाही. मग त्याला रंग द्यायचे उद्योग सुरू होतात. निळा टोपाझ जो सगळीकडे दिसतो तो बहुतेक सगळा रंगहीन टोपाझला रेडिएशन देऊन आणि मग तापवून केलेला असतो, पण तिथे रंग खड्याच्या आत आरपार असतो, घासून जाणार नाही. मिस्टिकचं तसं नाही. मिस्टिक टोपाझ जमिनीत कुठेच सापडत नाही. रंगहीन टोपाझ पैलू पाडून तयार करतात, मग व्हॅक्यूमच्या चेंबरमध्ये त्याच्या खालच्या बाजूवर टायटॅनियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडची अतिशय पातळ फिल्म चढवतात. किती पातळ, तर माणसाचा केस साधारण ७०,००० नॅनोमीटर जाड धरला तर ही फिल्म शेकड्यातल्या आकड्यात मोजायची. उजेड या फिल्मच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परत येतो, त्या दोन लाटा एकमेकींत मिसळतात, काही रंग उठतात काही विझतात, आणि खडा हलवला की कोन बदलतो म्हणून रंगही बदलतो. साबणाच्या फुग्यावर किंवा रस्त्यावरच्या डबक्यात तेल सांडलं की जे रंग दिसतात ना, तोच खेळ. हे खडे १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे बाजारात आले आणि चालले धो धो, कारण दिसतात खरंच सुंदर. मला स्वतःला आवडतात, उगाच नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही.

पण एक गोष्ट इथेच डोक्यात पक्की बसवायची. खडा ८ कडक आहे म्हणून त्याच्यावरचा रंग ८ कडक होत नाही. रंग त्या फिल्मचा आहे आणि फिल्म खड्यापेक्षा कितीतरी नाजूक आहे. आणि ती खाली आहे, वर नाही. ही खाली-वरची भानगड पुढे फार महत्त्वाची ठरली.

अंगठी आली. ९२५ चांदी, ओव्हल खडा १० बाय ८ मिलिमीटर, चार नख्यांत धरलेला आणि पाठ उघडी, म्हणजे खालून बोट घातलं तर खड्याच्या टोकाला लागेल अशी. बघायच्या आधी मी ती धुतली. हे मी नेहमीच करते, कारण क्रीम आणि साबणाचा थर पाठीमागे साचला की असले खडे हमखास मेलेले दिसतात आणि लोक समजतात की रंग गेला. वाटीत कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, दहा मिनिटं तशीच ठेवली, बोटाने हलकेच फिरवली, स्वच्छ पाण्यातून काढून टिपून घेतली. उरलेला रंग एकदम उजळला. पांढरा भाग पांढराच राहिला. म्हणजे मळ नाही.

पुढचा प्रश्न, हाच तो खडा आहे का? बहिणीचं म्हणणं होतं की कारागिराने चांगला खडा काढून काहीतरी काचेचं बसवलंय. खड्याचा वरचा सपाट भाग, ज्याला टेबल म्हणतात, तो रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला. आकडा आला १.६१ ते १.६२ आणि खडा फिरवला की रेषा एक नाही तर दोन, किंचित सरकणाऱ्या. दोन रेषा म्हणजे खड्यात शिरलेला उजेड दोन वाटांनी जातो. काच असती तर एकच रेषा दिसली असती. क्वार्ट्झ असता तर आकडा १.५४-१.५५ च्या आसपास आला असता, आणि झिर्कोनिया, म्हणजे तो नकली हिरा, या मशीनच्या मोजमापात बसतच नाही. म्हणजे खडा टोपाझच. आणि टेबलवर एवढा स्वच्छ टोपाझचा आकडा मिळाला याचा अर्थ वरच्या बाजूला फिल्म नाही, असती तर रीडिंग गंडलं असतं.

पण टोपाझ आहे म्हणजे तिचाच टोपाझ आहे असं नाही, दुसरा साधा टोपाझ बसवला असेल तर? इथे तिची एक सवय कामी आली, ती कुठलीही वस्तू आली की पार्सल उघडतानाच दहा फोटो काढते. त्यातला एक फोटो अगदी जवळून होता आणि मोठा करून बघितला तर कडेजवळ, एका नखीच्या बाजूला, पिसासारखी बारीक तिरकी रेघ दिसत होती. खड्याच्या आतली जन्मखूण. भिंगाखाली अंगठी धरली, त्याच नखीच्या बाजूला तीच रेघ, त्याच तिरक्या कोनात. शिवाय अर्ध्या खड्यावर जुने रंग अजून शाबूत होते, आता अर्धं कोटिंग असलेला खडा मुद्दाम शोधून कोण बसवणार? तिला म्हटलं, बाई, खडा तुझाच आहे. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग रंग कुठे गेला?"

ते बघायला खडा उलटा धरला. टेबल खाली पांढऱ्या कागदावर, निमुळता भाग वर, टेबललॅम्पचा उजेड त्या पैलूंवरून उसळून डोळ्यात येईल असा कोन, आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग. कोटिंग तपासायची ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात भरवशाची रीत आहे, यंत्रबिंत काही लागत नाही. चांगल्या शाबूत खड्यावर अशा उजेडात तेलाच्या तवंगासारखे रंग एकसंध दिसतात. इथे काय दिसलं, तर एका टोकाला, साधारण खड्याच्या चाळीस टक्के भागावर, काही नाही, निव्वळ पारदर्शक टोपाझ. त्याची हद्द सरळ नाही, कुरतडलेली. ही झाली मोठी जखम, जी फोटोत दिसत होती. पण माझं लक्ष गेलं ते राहिलेल्या भागाकडे, जिथे रंग शाबूत आहे असं वाटत होतं. तिथे पैलू जिथे एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक धारेवर बारीक पांढरी रेष होती, जशी जुन्या रंगवलेल्या दाराच्या कडांना लाकूड दिसायला लागतं. आणि पैलूंच्या अंगावर केसासारखे ओरखडे, शेकडो, सगळे साधारण एकाच दिशेने. पुढे-मागे, पुढे-मागे.

हे ओरखडे चार दिवसांत होणारे नव्हते, आणि एकाच दिशेचे ओरखडे म्हणजे कुणीतरी काहीतरी नियमाने घासतंय.

विचारलं, साफ कशी करतेस गं? उत्तर अगदी अभिमानाने आलं. दर पंधरा दिवसांनी, टूथपेस्ट आणि जुना टूथब्रश. चांदी काळी पडते ना, म्हणून. "आणि आतून फार घाण साचते ताई, म्हणून मी खालूनच जोर लावून घासते." आता खालून म्हणजे कुठे, तर जिथे फिल्म आहे बरोब्बर तिथे. टूथपेस्टमध्ये दात घासायलाच म्हणून बारीक पूड घातलेली असते, सिलिका नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट, तिचं कामच मुळी घासून वरचा थर काढायचं. वरून घासली असती तर एक वेळ चाललं असतं, वर उघडा टोपाझ आहे, त्याला टूथपेस्टने काही होत नाही. पण उघड्या पाठीची अंगठी, खाली कोटिंग, आणि प्रामाणिकपणे खालून ब्रश. १४ महिने, दर पंधरवड्याला, म्हणजे तीसेक वेळा. आळशी असती तर खडा वाचला असता, हे मी तिला बोलून दाखवलं आणि अर्थातच तिला ते आवडलं नाही.

मग मी तिच्या फोनमधले मधल्या काळातले फोटो मागितले. एका लग्नातला सेल्फी निघाला, दुरुस्तीच्या दोन महिने आधीचा, हात गालावर ठेवलेला. मोठा करून बघितला. खड्याच्या एका टोकाला, जिथे आज पांढरा पट्टा आहे तिथेच, नखाएवढी फिकट चंद्रकोर तेव्हाच दिसत होती. तिच्या लक्षात आली नव्हती कारण रोज बघतो ती गोष्ट रोज थोडीथोडी बदलली की दिसतच नाही.

तर मग कारागीर सुटला का? नाही. चंद्रकोरीपासून चाळीस टक्क्यांपर्यंतचा प्रवास त्या चार दिवसांतलाच होता. मीच फोन केला, आधी तिच्या वतीने सॉरी म्हटलं मग विचारलं की दादा, काम नेमकं कसं केलंत ते सांगाल का. माणूस सरळ होता, तोवर चिडलेलाही होता, पण सगळं सांगितलं. "ताई, खडा काढला असता तर नख्या उघडताना तुटल्या असत्या, चांदीच्या आणि पातळ, म्हणून खड्याला ओला कागद गुंडाळला आणि खालून बांगडी, म्हणजे अंगठीची गोल पट्टी, कापून तुकडा टाकून झाळली. मग पिकलमध्ये टाकली, बफ मारला, स्टीम मारली, दिली. टोपाझ म्हणाल्या होत्या, टोपाझ काय आज पहिल्यांदा बघतोय का मी?"

त्याच्या बाजूने बघितलं तर चूक पटकन सापडत नाही. पण एकेक पायरी बघा. चांदी झाळायला तिचं टाका-मिश्रण वितळेपर्यंत तापवावं लागतं, साधारण ६५० ते ७५० डिग्री, आणि सगळ्या धातूंत उष्णता सगळ्यात वेगाने वाहून नेणारा धातू म्हणजे चांदी. सोन्याच्या अंगठीत खाली आच दिली तर वरच्या खड्यापर्यंत पोचायला थोडा तरी वेळ मिळतो, चांदीत तो जवळजवळ मिळत नाही, अख्खी अंगठी एकदम तापते. ओला कागद मदत करतो पण पाठ उघडी, कागद सगळीकडे चिकटून बसेल असं नाही. नंतर पिकल, म्हणजे झाळल्यावर आलेला काळपटपणा काढायला कोमट सौम्य आम्ल. नंतर बफ, म्हणजे फिरतं चाक आणि पॉलिशची पेस्ट. नंतर वाफेचा झोत. एका साध्या साइज वाढवण्यात आच, आम्ल, घासणं आणि वाफ असे चार मार त्या फिल्मला लागोपाठ बसले, आणि ती आधीच धारांवरून उसवलेली. कापड एकदा उसवलं की ओढल्यावर किती फाटेल याचा नेम नसतो तसंच. नेमक्या कुठल्या पायरीला पट्टा गेला हे मला सांगता येणार नाही, पण जिथे फिल्म आधीच झिजलेली होती तिथूनच ती सुटली हे हद्दीच्या कुरतडलेल्या कडेवरून स्पष्ट आहे.

आणि खरं तर खडा फुटला नाही हेच नशीब. टोपाझला एक खोड आहे, एका ठराविक दिशेला तो लाकडासारखा सरळ फाटतो, आणि अचानक गरम-थंड झालं की हे फाटणं सुरू होऊ शकतं. म्हणून कोटिंग नसलेल्या टोपाझलाही आच, वाफ आणि अल्ट्रासॉनिक मशीन टाळायलाच सांगतात. ही पिसासारखी रेघ तर आधीपासून होतीच. ती वाढली नाही एवढं मी फोटोशी ताडून बघितलं.

कारागिराला मी शेवटी म्हटलं की हा कोटेड होता. पलीकडे जरा शांतता. मग, "मग सांगायचं ना. कोटेड आहे हे कळलं असतं तर मी खडा काढल्याशिवाय हातच लावला नसता, नख्या तुटल्या तर नव्या केल्या असत्या." बरोबर बोलला. पण तिला माहीत असेल तर ती सांगेल ना.

म्हणून तिसऱ्याकडे, विकणाऱ्याकडे. ऑनलाइन घेतलेली वस्तू, वर्णनाचा स्क्रीनशॉट तिच्याकडे होता. वर मोठ्या अक्षरात नॅचरल मिस्टिक टोपाझ. मध्ये चमक, रंग, गिफ्टला योग्य वगैरे. एकदम खाली, वॉशिंग मशीनच्या वॉरंटीसारख्या बारीक अक्षरात, एक शब्द, एन्हान्स्ड. संपलं. बिलावर तर नुसतं टोपाझ रिंग. तिने त्यांना लिहिलं, उत्तर आलं की स्टोन नॅचरल आहे, १४ महिने वापरलेला आहे, काही करता येणार नाही. नॅचरल हा शब्द खोटा नाही, खडा जमिनीतलाच आहे. फक्त तिने ज्याच्यासाठी पैसे दिले तो रंग जमिनीतला नाही, आणि वाक्य असं रचलंय की नॅचरल हा शब्द रंगालाही लागावा. एन्हान्स्ड म्हणजे तर काहीही, तापवलेलाही एन्हान्स्ड, रेडिएशन दिलेलाही एन्हान्स्ड, तेल भरलेलाही एन्हान्स्ड. त्यातले काही उपाय जन्मभर टिकतात, काही टूथब्रशने जातात, आणि गिऱ्हाइकाला कळायला हवं ते हेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या दागिन्यांच्या गाइडमध्ये हे चांगलं मांडलंय, की उपाय कायमचा टिकणारा नसेल, किंवा त्यामुळे खड्याची खास काळजी घ्यावी लागत असेल, किंवा त्याने किमतीत मोठा फरक पडत असेल, तर विकताना सांगायला हवं. तिथल्या जेम ट्रेड असोसिएशनच्या यादीत प्रत्येक उपायाला एक अक्षर आहे, कोटिंगला सी. बिलावर एवढं एक अक्षर असतं तरी कारागिराने विचारलं असतं की हे काय आहे.

माझा निकाल असा. झिजवला ब्रशने, उडवला दुरुस्तीने, आणि दोन्ही घडलं कारण कोटेड हा एक शब्द विकणाऱ्याकडून बहिणीकडे आला नाही आणि म्हणून बहिणीकडून कारागिराकडे गेला नाही. वाटणीच करायची तर निम्म्याहून जास्त मी ब्रशच्या नावावर टाकेन, कारण कारागिराकडे गेली नसती तरी अजून वर्षभरात तो खडा तसाही टकला झाला असता. बहीण म्हणते माझा निकाल पक्षपाती आहे.

पुढे काय करायचं यात तीन रस्ते होते. एक, जुनी फिल्म काढून नवीन चढवायची. हे होतं, पण व्हॅक्यूमचं काम आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही, एका खड्यासाठी पाठवणं-आणणं धरलं तर नवा कोटेड खडा त्यापेक्षा स्वस्त पडतो. दोन, नवा खडा बसवायचा. तीन, राहिलेली फिल्म पॉलिश करून पूर्ण काढायची आणि साधा पांढरा टोपाझ म्हणून वापरायचा. तिने दोन आणि तीन दोन्ही निवडले, म्हणजे जुना खडा पांढरा करून त्याच अंगठीत आणि मिस्टिक परत हवाच म्हणून वेगळे कानातले. कारागिरानेच खडा काढून पॉलिशला दिला, या वेळी नख्या नव्या केल्या, आणि त्याचे पैसे घ्यायला तयार नव्हता, ते तिने जबरदस्तीने दिले.

कानातले घेताना मी सोबत होते. रोज घालायचं कोटेड असेल तर अंगठीपेक्षा कानातलं किंवा पेंडंट शंभर पट बरं, हात जिथे जिथे आपटतो, धुतला जातो, पर्समध्ये खुपसला जातो तिथे कान जात नाही. तिथे आम्ही फक्त एकच प्रश्न विचारला, रंग खड्याच्या आत आहे की वर चढवलाय? नॅचरल आहे का असं विचारलं की उत्तर हो येतं आणि विषय संपतो. आत की वर असं विचारलं की समोरचा जरा थांबतो. दुकानातल्या बाईंनी सरळ सांगितलं की कोटिंग आहे, खालून आहे. मग भिंगाने उलटे धरून बघितले, सहा जोड्यांपैकी दोन जोड्यांत एकेका खड्याच्या धारेवर नव्या असतानाच टिकल्या उडालेल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. घेतली ती जोडी पाठ बंद असलेली, खड्याचा खालचा भाग पूर्ण चांदीच्या वाटीत, त्यामुळे बोट, ब्रश, घाम काहीच फिल्मपर्यंत पोचत नाही. फक्त अशा बंद पाठीत पाणी शिरलं की लवकर वाळत नाही, म्हणून वाटीत बुडवायचे नाहीत, ओल्या मऊ फडक्याने पुसायचे. बिलावर कोटेड टोपाझ असं लिहून घेतलं.

तिथेच ट्रेमध्ये गडद गुलाबी खडे होते, तेही टोपाझ. बहीण म्हणाली हे तर एकरंगी आहेत, हे खरे असतील. मिस्टिक निदान ओरडून सांगतो की माझ्यावर काहीतरी चढवलंय, असा तिरंगी टोपाझ निसर्गात होत नाही. एकरंगी गुलाबी, लाल, केशरी कोटिंग जास्त फसवतं. खरा गुलाबी-लाल टोपाझ दुर्मिळ आहे, मोठा आणि स्वच्छ असेल तर तो अशा ट्रेमध्ये चमच्याने वाढल्यासारखा पडलेला नसतो. एक उलटा करून दाखवला, वरून एकसारखा गुलाबी, खालून टोकाजवळ एक छोटा रंगहीन ठिपका. ती त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत बसली.

घरी आल्यावर तिने काळजीचे नियम विचारले, लिहून घेतले, आणि अर्ध्यांवर वाद घातला. चांदीसाठी मिळतं ते बुडवायचं लिक्विड नको, त्यात आम्ल असतं. गरम पाणी, सोडा आणि फॉइलचा जो नुस्खा फिरत असतो तो नको. अमोनिया, ब्लीच नको. चांदी काळी पडली तर पॉलिशचं फडकं फक्त धातूवर, खड्याला लागू द्यायचं नाही, कारण त्या फडक्यातही घासणारी पूड असते. कोरड्या खड्यावरची धूळ बोटाने पुसायची नाही, धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, कडकपणा ७, फिल्मला ते सॅंडपेपर. आधी ओलं मग टिपणं. क्रीम, परफ्यूम सगळं झालं की शेवटी घालायचे आणि घरी आलं की सगळ्यात आधी काढायचे. वेगळ्या मऊ पिशवीत ठेवायचे, डबीत बाकीच्या दागिन्यांशी कुस्ती नको. आणि दुरुस्तीला द्यायचे झाले तर तोंडाने सांगायचं आणि चिठ्ठीही लावायची, की खडा काढून मगच आच. चिठ्ठी तिने तेव्हाच लिहून पिशवीत टाकली, मोठ्या अक्षरात, "कोटेड आहे. खडा काढल्याशिवाय तापवू नये." खाली माझा फोन नंबर, मला न विचारता.

आठवड्याने पांढऱ्या टोपाझची अंगठी परत आली. मोरपीस गेलं, पण खडा स्वच्छ आणि पाणीदार दिसत होता, ती रेघ भिंगाशिवाय दिसत पण नव्हती. बोटात घालून तिने हात लांब धरून बघितला, मग म्हणाली, "ताई, आता हिच्यावर काही चढवलेलं नाही, म्हणजे आता टूथपेस्ट चालेल ना?"

म्हटलं खड्याला चालेल गं, चांदीवर ओरखडे येतील.